पूर ओसरतो, ओल उरते

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्याच दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची खूण ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. हे आकडे आणि या तारखा लोकांच्या ध्यानात राहिल्या, कारण पूर चढत असताना पाण्याची उंची तासातासाला जाहीर होत असते. पाणी उतरू लागले की आकडे थांबतात. नदी पात्रात परतली, रस्ते मोकळे झाले, बोटी निघून गेल्या की संकट संपले असे सरकार मानते, वृत्तपत्रे मानतात आणि काही काळ पूरग्रस्तही मानतात. नदीचे पाणी फुटाफुटाने मोजणाऱ्या या राज्यात त्याच पाण्याचा किती भाग घराच्या भिंतींत, जोत्यात आणि तळघरात मुरून राहिला, हे मोजण्याची मात्र काहीही व्यवस्था नाही.

मदतीचे नियम पाहिले म्हणजे ही उणीव स्पष्ट होते. आपत्तीनंतर तलाठी आणि ग्रामसेवक, किंवा शहरात पालिकेचे कर्मचारी, घरोघर पंचनामे करतात. घर पूर्ण पडले आहे की अंशतः, एवढा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. आणि अंशतः म्हणजे निदान १५ टक्के नुकसान, असे आपत्ती निवारण निधीचे मोजमाप आहे. ज्या घराची एक भिंत कोसळली ते घर या चौकटीत बसते. ज्या घराच्या चारही भिंती उभ्या आहेत, पण छातीइतक्या उंचीपर्यंत पाणी पिऊन उभ्या आहेत, ते घर कागदोपत्री सुस्थितीत ठरते. कपडे आणि भांडी यांसाठी काही अनुदान मिळते आणि ते आवश्यकही असते. तथापि घर वाळवणे हा एक खर्च आहे, त्याला काही काळ आणि काही कौशल्य लागते, ही कल्पनाच आपल्या मदतकार्यात अद्याप शिरलेली नाही.

भिंत किती पाणी पिते याचा हिशेब शाळेतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल. एक वीट साधारणपणे तीन किलो वजनाची असते. भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये अशी अपेक्षा आहे. म्हणजे मानकात बसणारी वीटही अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकते. दहा फूट लांबीची, नऊ इंच जाडीची भिंत चार फुटांपर्यंत बुडाली तर त्या भागात सुमारे चारशे विटा येतात. त्यांनी आपल्या ताकदीच्या निम्मेच पाणी घेतले असे धरले तरी एका भिंतीत शंभर लिटर पाणी राहते. चार भिंतींच्या एका खोलीत मोठ्या पाण्याची दोन पिंपे. शिवाय केशाकर्षणाने हे पाणी पुराच्या रेषेच्या वरही चढत जाते. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसली म्हणून ही पिंपे रिकामी होत नाहीत.

ती रिकामी व्हायला वेळ लागतो. जाड भिंत वाळण्यास, हवामान अनुकूल असेल तर, दर इंचाला सुमारे एक महिना धरावा असा बांधकाम क्षेत्रात एक ढोबळ ठोकताळा आहे. त्याप्रमाणे नऊ इंची भिंतीला नऊ महिने लागतात. ऑगस्टात भिजलेले घर पुढच्या उन्हाळ्यात कोठे आतून कोरडे होणार, आणि जूनमध्ये पुन्हा पावसाळा उभा राहणार! दोन्ही बाजूंनी हवा लागली, आतील हवा कृत्रिमरीत्या कोरडी ठेवली, तर हा काळ बराच कमी होतो. पण तसे करणारे येथे कोण आहे?

प्रत्यक्षात काय घडते ते पूरग्रस्त गावांतील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. २०१९ साली पाणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आले आणि २ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. २०२१ मध्ये पूर जुलैअखेरीस आला आणि १० सप्टेंबरला गणपती बसले. गौरी-गणपती अशा भकास, डागाळलेल्या घरात आणायचे कसे, ही कोणत्याही गृहिणीची रास्त चिंता असते. तेव्हा हाती आलेली मदत, पतपेढीचे कर्ज किंवा भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली उचल घेऊन पहिला माणूस बोलावला जातो तो रंगारी. तो चिखल खरवडतो, लांबी भरतो, वर चकचकीत ऑइलपेंट देतो. घर सणापुरते हसते. मात्र त्या रंगाने भिंतीचा श्वास बंद केलेला असतो. आतील पाण्याला बाहेर पडण्याची वाट राहत नाही; ते रंगाच्या मागे साचते, फुगारे येतात, पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो आणि वर्षाच्या आत सारा खर्च केरात जातो. प्राथमिक शिक्षकाने किंवा कचेरीतल्या कारकुनाने पोटाला चिमटा घेऊन उभे केलेले पैसे अशा रीतीने ओल्या भिंतीवर थापले जातात. हा दोष त्या कुटुंबाचा नाही आणि रंगाऱ्याचाही नाही. भिंत कोरडी झाली आहे की नाही हे सांगणारा माणूस दोघांनाही उपलब्ध नव्हता.

दारे-खिडक्या सताड उघडा, पंखे लावा, आपोआप वाळेल, हा दुसरा सार्वत्रिक सल्ला. उन्हाळ्यात तो योग्यच आहे. पावसाळ्यात त्याचा उपयोग मर्यादित असतो, आणि त्याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. पावसाळी हवेत आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातले २० ग्रॅमहून अधिक बाष्प आधीच तिच्यात असते. अशी हवा खिडकीतून आत आली तरी भिंतीतले पाणी घेऊन जाण्यास तिच्याकडे जागा उरत नाही. पंखा तीच ओली हवा खोलीभर फिरवत राहतो. हीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ९० वरून जवळजवळ ५० टक्क्यांवर येते आणि ती पाणी ओढू लागते. भर पावसात शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी वाळवणाऱ्या आजीला हे शास्त्र पुस्तकावाचून कळत होते. तथापि दुपटे वाळवणे वेगळे आणि घर वाळवणे वेगळे. बंद खोलीत निखारे ठेवण्यात विषारी वायूचा धोका आहे, आणि तापवलेली हवा भिंतीचे पाणी घेऊन बाहेर गेली नाही तर ते पाणी रात्री थंड भिंतीवर पुन्हा जमते.

ज्या देशांत घराखाली तळघर असणे ही रीत आहे, तेथे या कामाचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये गालिचे आणि गाद्यागिर्द्या साफ करणाऱ्यांना प्रमाणपत्रे देण्यासाठी एक संस्था निघाली. भिजलेला गालिचा वाळवायचा तर त्याखालची जमीन आणि शेजारची भिंतही वाळवावी लागते, हे ओघानेच आले; आणि १९९४ मध्ये त्याच संस्थेने पाण्याने नासलेल्या इमारतींच्या दुरुस्तीची मानक पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. फुटलेल्या नळाचे स्वच्छ पाणी पहिल्या वर्गात, धुण्याभांड्याचे सांडपाणी दुसऱ्यात, आणि मैला, गटार व नदीचा पूर यांचे पाणी तिसऱ्यात. पुराच्या पाण्याने भिजलेल्या गाद्या, कापूस आणि पुठ्ठा वाळवत न बसता टाकून द्यावा, असा त्या वर्गीकरणाचा अर्थ होतो. पाणी उपसणे, गाळ ओला असतानाच काढणे, धुणे, निर्जंतुक करणे, हवेचा झोत भिंतीवर सोडणे आणि त्या हवेतले बाष्प यंत्राने काढून घेणे, असा त्या कामाचा क्रम आहे. बाष्प काढणारे हे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, वातानुकूलन यंत्राचेच भावंड होय. थंड नळ्यांवर हवा नेली की त्यातले पाणी ठिबकते. प्रत्येक एअरकंडिशनरच्या मागून गळणारी धार हा त्याचाच पुरावा आहे. घरगुती आकाराचे यंत्र दमट हवेत दिवसाला दहा-वीस लिटर पाणी काढते.

परंतु या व्यवसायाचे खरे मर्म यंत्रात नसून मोजण्यात आहे. तेथील कारागीर भिंतीला हात लावून निर्णय देत नाही. आर्द्रतामापक घेऊन तो प्रथम त्याच घराच्या न भिजलेल्या भागाचे माप घेतो. मग भिजलेल्या भागाचे रोज माप घेतो. आणि दोन्ही आकडे जवळ आले म्हणजेच काम संपले असे मानतो. दिसण्यात कोरडी आणि स्पर्शाला कोरडी भिंत आतून ओली असू शकते, हे त्याने गृहीत धरलेले असते. हा साधा नियम महाराष्ट्रात उद्यापासून लागू करण्यास कोणतीही अडचण नाही. वरच्या मजल्यावरची भिंत हे प्रत्येक पूरग्रस्त घराचे स्वतःचे प्रमाण आहे.

तळघराचा प्रश्न याहून नाजूक आहे. जमिनीखाली साठवण करणे कृष्णाकाठाला नवे नाही. सांगलीलगतच्या हरिपुरात हळद पेवांत साठवण्याची पद्धत जुनी आहे, आणि २००५ च्या महापुराचे पाणी पेवांतही शिरले. अलीकडच्या पेवांना मात्र सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी शटर असते. वाहनतळ किंवा अडगळ म्हणून मंजूर झालेल्या तळघरांत दुकाने, गोदामे, शिकवण्या आणि अभ्यासिका चालतात. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत एका शिकवणी केंद्राच्या तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तेव्हा तळघरांतून माणसांचा वावर काढणे हे पहिले कर्तव्य ठरते. पण पूर ओसरल्यावरही तळघर धोक्याचेच राहते. पंप आणून एका रात्रीत ते रिकामे करण्याची घाई अंगाशी येऊ शकते. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि तिचा दाब भिंतीवर असतो. आतले पाणी त्या दाबाला तोलून धरत असते. आतले पाणी एकदम काढले तर भिंत आत ढासळू शकते किंवा तळ उचलला जाऊ शकतो. म्हणून रोज साधारण एक-तृतीयांश पाणी काढावे, पातळीवर खूण करून ठेवावी, आणि ती रातोरात पुन्हा वर आली तर थांबावे, असा जाणकारांचा सल्ला आहे. डिझेलचा पंप तळघरात उतरवून चालवू नये, कारण त्याचा धूर प्राणघातक ठरतो. आणि मुख्य वीजपुरवठा तोडल्यावाचून पायरीवर पाऊल ठेवू नये. या चार गोष्टी छापलेले एक पत्रक पूर येण्यापूर्वी घरोघर पोचवण्यास पालिकांना किती खर्च येणार आहे?

परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मात्र नाही. तिकडची घरे बहुधा लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समच्या पाट्या लावलेली. त्या पाट्या भिजल्या की कापून फेकून देतात. इकडे विटा, कोकणात जांभा, देशावर काळा दगड आणि जुन्या वाड्यांत मातीचा दर्जा. येथे भिंत फेकून देता येत नाही, ती सांभाळूनच वाळवावी लागते. चुन्याचा गिलावा पाण्याला बाहेर पडू देतो, सिमेंटचा घट्ट गिलावा अडवतो, हे जुन्या गवंड्यांना माहीत होते. भिजलेल्या भिंतीचा फुगलेला गिलावा पुराच्या रेषेच्या वर हात-दीड हात जाऊन काढून टाकणे, भिंत उघडी ठेवणे, आणि ती सुकेपर्यंत फार तर चुन्याचा हात देणे, हा मार्ग स्वस्तही आहे. त्यात पुढच्या महिन्यांतला संयम तेवढा महाग पडतो.

ओलीचा प्रश्न केवळ रंगरंगोटीचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि अशा घरांत राहणाऱ्यांत श्वसनाचे विकार व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असा निष्कर्ष मांडला. कुबट वासाच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपणारी मुले आणि दिवसभर घरात असणारे वृद्ध यांना हा त्रास प्रथम भोगावा लागतो. भाड्याच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट. घरमालक भिंत वाळवत नाही, कारण तो तेथे राहत नाही. भाडेकरू वाळवत नाही, कारण भिंत त्याची नाही. नदीकाठच्या शाळांतही तेच घडते. वर्ग लवकर सुरू व्हावेत हे योग्यच. परंतु ओल्या भिंतींना टेकून मुले बसवायची काय, याचा विचार कोणत्या परिपत्रकात केलेला आढळत नाही.

शाळांचे दाखले, कचेऱ्यांची दप्तरे आणि ग्रंथालये यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाची तळघरे चिखलाने भरली. देशोदेशींचे तरुण तेथे धावले, हातोहात ग्रंथ वर काढले, आणि ते वाळवण्यासाठी तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्या वापरण्यात आल्या. हाताशी असलेले साधन पाहून त्याचा उपयोग करण्याची ती बुद्धी होती. त्या प्रसंगानंतर भिजलेले ग्रंथ वाचवण्याचे एक शास्त्रच जगभर उभे राहिले. येथे अजूनही भिजलेली दप्तरे उन्हात पसरली जातात, पाने एकमेकांस चिकटतात आणि शेवटी 'पुरात नष्ट' असा एक शेरा मारून सुटका करून घेतली जाते. ज्याचा जन्मदाखला किंवा सेवापुस्तक त्या शेऱ्यात नाहीसे होते, त्याला पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

यावर करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले थोडेच खर्चिक आहे. पूररेषेतील प्रत्येक नगरपालिकेने पंप, पंखे, बाष्प काढणारी यंत्रे आणि आर्द्रतामापक यांचा एक साठा ठेवावा आणि तो पाळीपाळीने घरोघर उसना द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडी, वीजतंत्री आणि वातानुकूलन यांचे शिक्षण दिले जातेच. त्याच विद्यार्थ्यांना भिजलेली इमारत वाळवण्याचा अल्प मुदतीचा पाठ दिला तर पुरानंतर त्यांना काम मिळेल आणि लोकांना कारागीर मिळतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विटेच्या, जांभ्याच्या आणि दगडाच्या भिंती येथील हवेत किती दिवसांत वाळतात याची मोजमापे घेऊन ठेवावीत. परदेशी ठोकताळ्यांवर किती काळ विसंबायचे? पुराचे संरक्षण असलेली 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची प्रमाणित योजना १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झाली आहे. तिचा परिचय गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून करून द्यावा, आणि नुकसानीच्या मोजणीत वाळवण्याचा खर्च स्पष्टपणे धरला जावा यासाठी ग्राहक संघटनांनी आग्रह धरावा.

यावर आक्षेप येईल तो ठराविक. छावणीत अन्न पुरवताना दमछाक होते तेथे भिंतीची ओल मोजत कोण बसणार? पण अन्न पुरवण्याची घाई पहिल्या आठवड्याची असते आणि भिंतीचे काम त्यानंतरच्या महिन्यांचे. दोन्हींची माणसे वेगळी, वेळ वेगळी. यंत्रे महाग आहेत हेही खरे. पण ओल्या भिंतींवर दर पुरानंतर फासला जाणारा रंग, फुकट जाणारा गिलावा आणि दम्याची औषधे यांचा खर्च कोणी एकत्र मांडलेला नाही म्हणूनच ती महाग वाटतात. पुरामागून पूर येत आहेत. १९६१ चा पानशेतचा प्रलय धरण फुटल्याने आला होता. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पावसाने आले आणि तसे ते पुन्हा येणार हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

प्रारंभ एका लहानशा सुधारणेने करता येईल. पंचनाम्याच्या नमुन्यात घर किती पडले या रकान्याशेजारी घर किती भिजले हा एक रकाना घालावा: पाण्याची उंची, भिंतीचा प्रकार, तळघर आहे की नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेले ओलाव्याचे माप. ज्या दिवशी हे दुसरे माप घेण्यासाठी पालिकेचा माणूस पूरग्रस्ताच्या दारात उभा राहील, त्या दिवशी पूर खरोखर कधी संपला याची सरकारी नोंद या राज्यात प्रथमच होईल.